पत्र्यावर चढणाऱ्या माणसाविषयी

मृग नक्षत्र तोंडावर आले की पांढुर्णा व सौसर या आपल्या दोन्ही पेठांत एक ठरलेली लगबग सुरू होते. कापसाचा हंगाम सरलेला असतो, जिनांची चाके थांबलेली असतात, आणि मालकांची नजर वर छपराकडे जाते. कोठे सिमेंटचा पत्रा तडकलेला, कोठे टिनाचा खिळा सैल झालेला, कोठे जुन्या माडीवरचे कवेलू माकडांनी विस्कटलेले. मग मुनीमजी एखाद्या गड्यास हाक मारतात, निसणी भिंतीला लागते आणि तो गडी अनवाणी वर चढतो. या प्रसंगाकडे आपण आजवर पुरेसे लक्ष देऊन पाहिलेले नाही. ते पाहावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

काही वर्षांपूर्वी आमच्या माहितीतील एका गोदामावर असाच एक गडी चढला होता. मालक दक्ष होते. त्यांनी कमरेचा पट्टा व नवी दोरी मुद्दाम आणविली होती. दोरीचे एक टोक पट्ट्याला आणि दुसरे छपराच्या लोखंडी कैचीला पक्के बांधले होते. दोरी चौदा फूट, छपराची उंची सोळा फूट. गडी उजेडासाठी बसविलेल्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर पाय ठेवता झाला, पत्रा फुटला आणि तो खाली आला. पट्टा तुटला नाही, दोरी तुटली नाही, गाठही सुटली नाही. मात्र दोरी ताणली जाण्यापूर्वीच त्याचे पाय फरशीला टेकले होते. दोन्ही टाचा व कमरेचा मणका मोडला. त्यास नागपूरला न्यावे लागले. आज तो बसून चिठ्ठ्या लिहिण्याचे काम करतो. छपराचे काम त्याच्या हातून पुन्हा झाले नाही. मालकांनी खर्चात हात आखडला नाही. तरीही "साधन होते ना?" हा त्यांचा प्रश्न अजून आमच्या कानांत आहे.

साधन होते, हिशेब नव्हता. आपण व्यापारी माणसे, तेव्हा हा हिशेब आपणांस समजावयास अवघड नाही. पंधरा फुटांवरून सुटलेला माणूस एका सेकंदाच्या आत जमिनीवर येतो, आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे ३४ किलोमीटर असतो. तेवढ्या वेळात हात कोठे पकडता येत नाही. आता बाजारात मिळणारा चांगला संपूर्ण अंगाचा पट्टा घ्या. त्याची दोरी सहा फुटांची. धक्का सोसण्यासाठी तिच्यात शिवलेली घडी उलगडली की आणखी साडेतीन फूट. पाठीवरच्या कड्यापासून पायांपर्यंत पाच फूट, आणि खाली निदान तीन फूट मोकळी जागा. बेरीज साडेसतरा फूट होते. दोरी बांधलेल्या आधाराखाली इतकी जागा असेल तरच तो पट्टा माणसास अधांतरी थोपवील. आपली बहुतेक जुनी गोदामे पंधरा-सोळा फुटांचीच आहेत. म्हणजे त्यांच्या छपरावर लांब दोरीने बांधलेला उत्तमातला उत्तम पट्टाही उपयोगाचा नाही, हे आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे.

आधार माणसाच्या पायाशी असेल तर पडण्याचे अंतर आणखी वाढते. तो शक्यतो डोक्याच्या वर असावा. तो मजबूत किती हवा, याचा अंदाज येण्यासाठी सांगतो, अमेरिकेच्या नियमांत एका माणसामागे सुमारे २,२७० किलोग्रॅमचा ताण सोसणारा आधार सांगितला आहे. पाण्याचा नळ, खिडकीचा गज किंवा कवेलूखालची वाळवी लागलेली बल्ली या कसोटीस उतरावयाची नाही. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर पडणे झेलू नये. त्याचा सारा झटका पोटावर व मणक्यावर येतो, आणि म्हणूनच त्या देशात १ जानेवारी १९९८ पासून पडणे थोपविण्यासाठी तो वापरण्यास मनाई आहे. खांदे, छाती व मांड्या यांवर ताण वाटून घेणारा पट्टा घ्यावा. घेताना भारतीय मानक ३५२१ चा शिक्का पाहावा. एकदा ज्याने पडणारा माणूस झेलला, तो पट्टा पुन्हा कोणास देऊ नये, कापून टाकावा. आमच्याकडे खताच्या पोत्यांवर फेकलेले पट्टे आम्ही पाहिले आहेत. ऊन, तेल, रसायने व उंदीर हे चौघेही त्या विणीचे शत्रू.

लटकलेल्या माणसास लवकर उतरविणे हेही तितकेच निकडीचे. मांड्यांच्या पट्ट्यांनी रक्त पायांत अडकते व काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. म्हणून वर एक माणूस असेल तेव्हा खाली दुसरा, शिडीसह, हजर असलाच पाहिजे.

मग ठेंगण्या गोदामाचे काय करावे? कडेवरून पडण्याची भीती असेल तर दोरी इतकी आखूड ठेवावी की माणूस कडेपर्यंत पोहोचूच नये. पत्राच फुटण्याचा धोका मात्र याने टळत नाही. खिळ्यांच्या रांगेवरून चालले म्हणजे सिमेंटचा पत्रा फुटत नाही, अशी समजूत आपल्याकडे दृढ आहे. ती घातक आहे. जुना पत्रा खिळ्यापाशीही फुटतो, आणि उन्हाने ठिसूळ झालेला उजेडाचा पत्रा धुळीखाली ओळखूही येत नाही. दोन-तीन आडव्या दांड्यांवर टेकतील अशा रुंद फळ्या टाकाव्यात व त्यांवरूनच वावरावे. खाली जाळी ताणावी. त्याहून उत्तम म्हणजे गोदाम रिकामे असताना आतून परांची उभारून खालूनच काम करावे. परांचीस कठडा हवा, आणि शिडी बारा फूट वर टेकली असेल तर तिचा पाय भिंतीपासून तीन फूट असावा, हे सुतारांस ठाऊक असते. त्यांस घाईत ते करू दिले जात नाही एवढेच.

जाळीचे महत्त्व सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाने जगास दाखविले. तेथे बांधकामाच्या खाली ताणलेल्या जाळीने १९ कामगारांचे प्राण वाचविले. पण १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक जड परांचीच जाळीवर कोसळली, जाळी फाटली आणि १० जण मृत्युमुखी पडले. जाळी माणसासाठी होती, परांचीच्या वजनासाठी नव्हती.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३२ व्या कलमाने पडण्याचा संभव असलेल्या उंचीवर काम करणाऱ्यासाठी कठडा वा अन्य योजना करण्याचे कर्तव्य कारखानदारावर घातले. पुढे तो कायदा २०२० साली संमत झालेल्या संहितेत समाविष्ट झाला. "काम ठेकेदारास दिले होते" हे उत्तर मात्र आम्हांस कायद्यापेक्षाही माणुसकीच्या दृष्टीने अपुरे वाटते. छप्पर कोणाचे, हे सर्वांस माहीत असते.

पडणे केवळ छपरावरूनच होते असेही नाही. जिनातील रुईची एक गठाण सुमारे १७० किलोग्रॅमची. तिच्या थप्प्यांवर हमाल चढतात, आणि घाईच्या दिवसांत कोणी खालची गठाण आधी ओढतो. कापसाने भरलेल्या ट्रकवर ताडपत्री आवळताना दोरी निसटली की माणूस उलटा मागे जातो. येथे पट्टा बांधावयास वर आधार नसतो. आवारात दोन पक्क्या खांबांमध्ये ट्रकच्या वरून तारेचा दोर कायमचा ताणून ठेवणे हाच त्यावर इलाज, आणि तोही जाणकाराकडून तपासून घेतलेला.

आपल्या समाजापुरती एक गोष्ट राहिली. मंदिराच्या वर्षगाठीस शिखरावर ध्वजा चढते. लाभ घेणारे कुटुंब सोवळ्याने, मोठ्या भावाने वर जाते. कित्येकदा सत्तरीचे आजोबाही. जेथे शिखरास पक्का जिना व कठडा नाही, तेथे पंचांनी ती सोय आधी करावी आणि तोवर ध्वजा एकाच तरुण, पट्टा बांधलेल्या माणसाच्या हातून चढवावी. बाकीच्यांनी खालून जयजयकार केला तरी त्यात काही उणे नाही.

या वर्षी आमच्या गोदामाचे पत्रे आम्ही आतून परांची बांधून बदलून घेतले. मजुरीचे दोन दिवस अधिक लागले. एका पत्र्याचे काम तेवढे राहिले आहे. तेथे पारव्याचे घरटे निघाले. पिले उडाली की परांची पुन्हा उभारावयाची आहे, म्हणून बांबू अजून परत केलेले नाहीत.