गेमिंगचा संगणक : कोटेशनमधील निनावी ओळी

दहावी-बारावीचे निकाल लागले, की मुंबईच्या उपनगरांतील अनेक घरांत संगणकाचा विषय निघतो. मुलाला तो गेमसाठी हवा असतो, आईवडिलांना त्याच्या अभ्यासासाठी. आणि दोन्ही बाजू मान्य करतील असा एक आकडा ठरतो. पन्नास हजार, साठ हजार, फार तर सत्तर. पुढचा मार्गही बहुधा ठरलेला असतो. अंधेरी-बोरिवलीहून धीमी लोकल पकडायची किंवा मुलुंड-घाटकोपरहून येऊन दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरायचे आणि लॅमिंग्टन रोड गाठायचा. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे या रस्त्याचे अधिकृत नाव. परंतु १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव काही लोकांच्या तोंडून गेलेले नाही. ज्या मिनर्व्हा चित्रपटगृहात ‘शोले’ वर्षानुवर्षे चालला ते याच रस्त्यावरचे. आज येथे गर्दी होते ती संगणकाच्या सुट्या भागांसाठी.

दुकानात शिरल्यावर आपला आकडा सांगायचा अवकाश, की पाच मिनिटांत कोटेशन हाती पडते. ते नीट वाचण्याजोगे असते. वरच्या दोन ओळींत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची नावे ठळकपणे, क्रमांकासह लिहिलेली असतात. खाली मात्र ‘रॅम १६ जीबी’, ‘एसएसडी ५१२ जीबी’, ‘कॅबिनेट एसएमपीएससह’ एवढेच. ग्राहक वरच्या दोन ओळींचे भाव चार दुकानांत पडताळून पाहतो. खालच्या ओळींकडे कोणी पाहत नाही. दुकानदाराची कसर भरून निघते ती तेथेच, आणि दोन वर्षांनी संगणक कुरकुरू लागतो तोही बहुधा तेथूनच. मर्यादित पैशांत गेमिंगचा संगणक जुळवणे म्हणजे मुख्यतः या निनावी ओळींना नाव द्यायला लावणे होय.

त्याआधी एक प्रश्न घरीच सोडवलेला बरा : खेळायचे काय, आणि कोणत्या पडद्यावर? संगणकाला दर क्षणी पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग ठरवावा लागतो. १९२० बाय १०८० च्या नेहमीच्या मॉनिटरवर असे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. २५६० बाय १४४० च्या मॉनिटरवर ते ३६ लाख ८६ हजारांवर जातात आणि ‘फोर-के’ पडद्यावर बरोबर चौपट होतात. म्हणजे मॉनिटर मोठ्या क्षमतेचा घेतला, की ग्राफिक्स कार्डावरचा बोजाही त्याच प्रमाणात वाढतो. साठ-सत्तर हजारांच्या मर्यादेत पहिल्या प्रकारचा मॉनिटर घेणेच शहाणपणाचे. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ यांसारखे चुरशीचे सामने खेळणाऱ्याने मात्र पडद्याचा वेग पाहावा. ६० हर्ट्झचा मॉनिटर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतो, १४४ हर्ट्झचा ६.९ मिलिसेकंदांनी. कोपऱ्यातून शत्रू डोकावतो तेव्हा हा फरक हाताला जाणवतो. अशा खेळांत ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरची अधिक कसोटी लागते; ‘सायबरपंक २०७७’सारख्या भव्य दृश्यांच्या कथाप्रधान खेळांत याच्या नेमके उलट.

सर्वसाधारण गरजेसाठी एक ढोबळ हिशेब धरता येतो. मॉनिटर वगळून उरलेल्या रकमेपैकी पस्तीस ते चाळीस टक्के ग्राफिक्स कार्डावर, वीस टक्क्यांच्या आसपास प्रोसेसरवर आणि बाकी सर्व भागांवर मिळून उरलेले पैसे. साठ हजारांत ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला एकवीस ते चोवीस हजार येतात. पुष्कळदा घडते ते असे, की ‘आय-सेव्हन’ किंवा ‘रायझन ७’ या नावाच्या मोहात निम्मी रक्कम प्रोसेसरवर जाते आणि ग्राफिक्स कार्डासाठी उरते ती चणचण. गेमसाठी सहा गाभ्यांचा मध्यम प्रोसेसर पुरेसा असताना हा उलटा हिशेब केवळ नावाच्या वजनामुळे होतो.

ग्राफिक्स कार्डाचे नाव कोटेशनमध्ये लिहिलेले असते खरे, पण तेही अपुरे असू शकते. एकाच नावाखाली दोन वेगळे माल विकण्याची या धंद्यातील रीत जुनी आहे. २०२२ साली आलेले आठ जीबीचे ‘आरटीएक्स ३०५०’ आणि २०२४ साली आलेले सहा जीबीचे ‘आरटीएक्स ३०५०’ यांत केवळ दोन जीबींचा फरक नाही. पहिल्यात २५६० संगणन-गाभे आहेत, दुसऱ्यात २३०४. स्मृतीशी जोडणारा मार्गही १२८ ऐवजी ९६ बिटांचा. याहून जुने उदाहरण ‘जीटी १०३०’चे. त्याच्या एका आवृत्तीतील स्मृती दुसरीच्या जवळजवळ तिप्पट वेगाची होती, आणि दोन्हींची नावे मात्र एकच. तेव्हा मालिकेच्या नावाशेजारी स्मृती किती आणि कोणत्या प्रकारची, हे लिहून घ्यावेच लागते. नवे कार्ड घेताना आठ जीबीपेक्षा कमी स्मृती पत्करू नये. बारा मिळत असतील तर उत्तम. इंटेलचे २०२४ च्या डिसेंबरमध्ये आलेले ‘आर्क बी५८०’ हे कार्ड बारा जीबीचे असल्यानेच कमी पैशांतल्या खरेदीदारांच्या नजरेत भरले.

जुन्या कार्डांबाबत आणखी एक अडचण निर्माण झाली आहे. २०२४ अखेरचा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि २०२५ चा ‘डूम : द डार्क एजेस’ हे खेळ किरण-अनुरेखन म्हणजे ‘रे ट्रेसिंग’ची सोय नसलेल्या कार्डावर चालतच नाहीत. ‘जीटीएक्स’ मालिकेतील कार्ड कितीही स्वस्तात मिळाले तरी हे दार त्याला बंदच राहते.

आता त्या निनावी ओळी. पहिली आणि सर्वांत धोक्याची ओळ एसएमपीएसची. घरातील २३० व्होल्टच्या विजेपासून संगणकाला लागणारा कमी दाबाचा प्रवाह हाच डबा तयार करतो. कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट येणाऱ्या डब्यावर ‘५०० वॅट’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. खरी क्षमता बाजूच्या तक्त्यात पाहावी. तेथे १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर लिहिले आहेत ते वाचून त्याला १२ ने गुणायचे. आकडा १८ असेल तर उत्तर २१६ वॅट येते. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर जवळजवळ सर्व वीज याच १२ व्होल्टमधून घेतात, त्यामुळे उरलेली क्षमता कागदावरचीच. नावाजलेल्या कंपनीच्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर हाच आकडा ४५ च्या आसपास असतो, म्हणजे सुमारे ५४० वॅट. ‘आरटीएक्स ४०६०’ हे कार्ड ११५ वॅट घेते, ‘आर्क बी५८०’ १९० वॅट, मध्यम प्रोसेसर साधारण ६५ ते ९०. बेरीज केली, की बाजूचा तक्ता वाचणे का आवश्यक आहे ते कळते. स्वस्तातला डबा जळतो तेव्हा अनेकदा एकटा जळत नाही. मदरबोर्ड किंवा कार्डही सोबत नेतो. हजार-दीड हजार रुपये वाचवून वीस हजारांची वस्तू पणाला लावण्यासारखे हे आहे.

विजेचा विषय निघालाच आहे तर घरातील जोडणीही तपासावी. जुन्या चाळी आणि इमारतींत तीन छिद्रांचा सॉकेट असतो, पण अर्थिंगची तार पुढे कोठे जोडलेलीच नसते. संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले तर तोच अर्थ. वायरमनला बोलावून ते आधी नीट करून घ्यावे. बाजारात सर्वाधिक खपणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. टंकलेखनाच्या संगणकाला तो पुरतो; ऐन खेळात वीज गेली, तर मॉनिटरसह सगळा भार त्याला पेलेलच असे नाही.

दुसरी निनावी ओळ रॅमची. सोळा जीबीची एकच पट्टी आणि आठ-आठ जीबींच्या दोन पट्ट्या यांची बेरीज सारखी, काम मात्र सारखे नाही. डीडीआर४ च्या ३२०० वेगाच्या एका पट्टीतून सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहू शकते, दोन पट्ट्या लावल्यास ५१.२ जीबी. दुकानदार एकच पट्टी सुचवतो, कारण ती बसवायला सोपी आणि ‘पुढे वाढवता येईल’ हे सांगायलाही सोपे. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात तर दुसऱ्या पट्टीने खेळाचा वेग डोळ्यांना दिसेल इतका वाढतो. २०२५ च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी स्मृतीचिप्सची मागणी इतकी वाढवली, की रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या पलीकडे गेले; मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. ‘रॅम स्वस्त आहे, बत्तीस घ्या’ हा दोन-तीन वर्षांपूर्वीचा सल्ला त्यामुळे आता डोळे मिटून पाळण्यासारखा राहिलेला नाही.

एसएसडीबाबत थोडक्यात सांगायचे तर कंपनी आणि प्रकार लिहून घ्यावा, आणि शक्य असल्यास एक टीबीची घ्यावी. अलीकडचे काही खेळ एकेकटेच शंभर जीबीहून अधिक जागा घेतात. हार्ड डिस्क चित्रपट-छायाचित्रांपुरती ठीक. ‘सायबरपंक’ने २०२३ च्या आवृत्तीपासून एसएसडी ही किमान अटच केली.

मदरबोर्डाची निवड म्हणजे पुढील पाच वर्षांची निवड. एएमडीचा ‘एएम४’ सॉकेट २०१७ साली रायझनबरोबर घरोघरी गेला आणि तेव्हाच्या कित्येक बोर्डांवर २०२२ चा प्रोसेसरही बायॉस अद्ययावत करून बसवता आला. इंटेलच्या सॉकेटना एवढे आयुष्य लाभलेले नाही. आज हाताशी पैसे कमी असतील तर अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, चांगला बोर्ड आणि भरवशाचा एसएमपीएस घेऊन सुरुवात करावी व कार्ड वर्षाभराने घालावे. ‘व्हॅलोरंट’सारखे खेळ तेवढ्यावर सहज चालतात. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतो त्यात ही अंगभूत सोय नसते. कार्डाविना तो घेतला तर पडदा काळाच राहील.

भाव विचारताना जीएसटी धरून विचारावा. साठ हजारांवर अठरा टक्के म्हणजे दहा हजार आठशे रुपये, आणि नेमक्या याच रकमेची सूट दाखवून कच्च्या बिलाचा प्रस्ताव पुढे येतो. मोह मोठा असतो. परंतु वॉरंटीसाठी कंपनीच्या सेवाकेंद्रात गेल्यावर अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिलच मागितले जाते. प्रोसेसर खोक्यातला की ‘ट्रे’तला हेही विचारावे : खोक्यातल्यावर कंपनीची तीन वर्षांची हमी असते, सुट्यावर बहुधा दुकानदाराच्या शब्दाची. लॅमिंग्टन रोडवर भाव दोन-तीन हजारांनी कमी मिळेल. पण बोरिवली किंवा मुलुंडमधील घराजवळचा असेम्ब्लर प्रत्येक भागाचे नाव बिलावर लिहून देत असेल, तर पुढच्या फेऱ्यांचा वेळ धरता तो महाग पडत नाही. ग्रँट रोडहून जोडलेला संगणक आणायचा झाल्यास ग्राफिक्स कार्ड काढून वेगळ्या खोक्यात ठेवावे. वाटेतील खड्ड्यांत जड कार्डामुळे बोर्डावरील खाच तुटते.

जुन्या कार्डांच्या बाजाराला २०२२ च्या १५ सप्टेंबरला वेगळे वळण मिळाले. त्या दिवशी ‘इथेरियम’ या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डांवर चलन ‘खणण्याचा’ तो मोठा उद्योग थांबला आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. राबलेले कार्ड वाईटच असते असे नाही, पंखे मात्र झिजलेले असू शकतात. विक्रेत्यासमोर वीस मिनिटे पूर्ण भाराने चालवून तापमान आणि आवाज पाहावा; नकार मिळाला तर व्यवहार तेथेच सोडावा. जुना प्रोसेसर घेताना तो ‘विंडोज ११’ला चालतो का, हे तपासणे भाग आहे. ‘विंडोज १०’चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि ‘व्हॅलोरंट’ तर ‘विंडोज ११’वर टीपीएम व सुरक्षित आरंभाची सोय चालू असल्याशिवाय उघडत नाही.

कॅबिनेट काचेचे आणि रोषणाईचे आकर्षक दिसते; मुंबईच्या दमट उन्हाळ्यात वातानुकूलनाविना असलेल्या खोलीत पुढून जाळी असलेले साधे कॅबिनेट अधिक कामाचे. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी ते जमिनीवर ठेवू नये. २६ जुलै २००५ च्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना याचे कारण सांगावे लागत नाही.

संगणक घरी आल्यावर करायची काही कामे फुकट आहेत, आणि ती राहून जाण्याचे प्रमाण मोठे आहे. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला जोडलेली आहे ना, हे पाहावे. अन्यथा वीस हजारांचे कार्ड आत नुसते बसून राहते. बायॉसमध्ये रॅमचा ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ पर्याय चालू करावा, कारण तो बंद असेपर्यंत वेगवान पट्ट्याही मूळच्या मंद गतीने चालतात. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला असेल तर विंडोजमध्ये तो आकडा निवडावा लागतो. आपोआप तो कित्येकदा ६० वरच राहतो. त्यानंतर सलग दोन-तीन तास जड खेळ चालवून पाहावा. संगणक मध्येच बंद पडला किंवा पडद्यावर रेघा आल्या तर त्याच आठवड्यात बिल घेऊन दुकान गाठावे. वस्तू बदलून देण्याची मुदत बऱ्याच दुकानांत थोड्याच दिवसांची असते आणि त्यानंतर रस्ता सेवाकेंद्राचा. लॅमिंग्टन रोडवरील बरीच दुकाने रविवारी बंद असतात, त्यामुळे नोकरदार पालकांनी ही फेरी शनिवारीच उरकलेली बरी.