नियम चालू, टपाल गायब

2025 सालच्या वसुबारसेच्या तीन दिवस आधी, 14 ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज 10, ऑफिस 2016 आणि ऑफिस 2019 या तिघांचीही नेहमीची अपडेट एकाच दिवशी थांबवली. माटुंग्याला त्याची झळ बसणारच होती. किंग्ज सर्कलपासून दादर टीटीपर्यंतच्या जुन्या इमारतींत सीए, करसल्लागार, विमा सर्वेअर यांची चार-सहा टेबलांची ऑफिसं आहेत. तिथे आयटी विभाग वगैरे भानगड नसते. फोन केला की कॉम्प्युटरवाला येतो. नवं ऑफिस टाकतो, 'मेल येतायत ना?' विचारतो आणि चहा पिऊन जातो. मेल येत असतातच. पण जीएसटीचे मेल जीएसटीच्या फोल्डरात आणि बँकेचे बँकेच्या फोल्डरात जाणं बंद झालेलं असतं, आणि ते लक्षात येईपर्यंत एखाद्या नोटिशीची मुदत उलटायला आलेली असते.

अशा वेळी पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की मेलची आपोआप वाटणी करणारा 'रूल', म्हणजे नियम, राहतो कुठे? आउटलुकच्या नियमांच्या दोन जाती. एक सर्व्हरवर राहतो. ऑफिसला कुलूप असलं तरी रात्री दोन वाजता आपलं काम करतो. दुसरा त्या एका संगणकापुरता. यादीत त्याच्या नावापुढे कंसात 'क्लायंट-ओन्ली' असं लिहिलेलं असतं आणि आउटलुक उघडं असेल तरच तो चालतो. आवाज वाजवणं, छापायला पाठवणं, संगणकावरच मेल साठवणाऱ्या पीएसटी फाइलमधल्या फोल्डरात मेल टाकणं ही सगळी या दुसऱ्याची कामं. मेलबॉक्स भरेल या धास्तीने जुने मेल पीएसटीत ढकलायची सवय आपल्याकडे फार, म्हणून अपग्रेडनंतर आजारी पडतो तोही बहुधा हाच. नवं प्रोफाइल तयार होतं, पीएसटी दुसऱ्या जागी जोडली जाते आणि नियमाला आपला फोल्डर सापडेनासा होतो. फोल्डर डोळ्यांसमोर असतो, नावही तेच असतं. पण नियम फोल्डरला नावाने ओळखत नाही, आतल्या ओळखक्रमांकाने ओळखतो.

'मॅनेज रूल्स अँड अलर्ट्स' उघडलं की असा नियम लाल अक्षरांत दिसतो. तो पुसून नवा करायची घाई नको. खालच्या चौकटीत नियमाचं पूर्ण वाक्य असतं आणि त्यात फोल्डरचं नाव अधोरेखित असतं. त्यावर क्लिक करून तोच फोल्डर पुन्हा दाखवून द्यायचा आणि 'अप्लाय' म्हणायचं. इनबॉक्समध्ये मधल्या काळात साचलेला ढीग 'रन रूल्स नाऊ'ने हलतो. आणखी एक गोष्ट पाहायची. वरच्या कोपऱ्यातलं 'न्यू आउटलुक'चं बटण कोणी हौसेने सरकवलंय का? नवं आउटलुक क्लायंट-ओन्ली नियम चालवत नाही.

काही नियम जागेअभावी बंद पडतात. एक्स्चेंज सर्व्हरवर एका मेलबॉक्सच्या सगळ्या नियमांना मिळून पूर्वी 32 किलोबाइट जागा असे. 2007च्या आवृत्तीपासून ती 64 झाली, आणि प्रशासकाने वाढवली तर 256. अक्षरांच्या हिशेबात हे थोडंच. प्रत्येक अशिलाला स्वतंत्र नियम आणि नियमाचं नाव म्हणजे अशिलाच्या कंपनीचं पूर्ण नाव, असं केलं की जागा संपते आणि नियम सर्व्हरवर चढत नाहीत. नावं आखूड करा, एकाच फोल्डरात जाणारे नियम एकत्र करा. बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

'क्लीनरूल्स' नावाची एक आज्ञा सगळीकडे रामबाण म्हणून सांगितली जाते. ती नियम दुरुस्त करत नाही, सगळेच्या सगळे पुसते. आधी 'एक्स्पोर्ट' करून आरडब्ल्यूझेड फाइल काढून ठेवली नसेल, तर तिच्या वाटेला जाऊ नये.

एवढं होऊनही काही मेल भरकटतात, त्याला अपग्रेड नव्हे, पाठवणाऱ्याचा बदललेला पत्ता जबाबदार असतो. कागदी टपालात पत्त्याची चूक खपून जाते. टपाल खात्याने 15 ऑगस्ट 1972 रोजी पिनकोड आणला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून. पत्ता कोणत्याही लिपीत असो, गावांची नावं सारखी असोत, छाटणी आकड्यावरून. पूर्वेचं माटुंगा 400019, आणि रुळांपलीकडचं, माटुंगा रोड स्टेशनजवळचं माटुंगा माहीमच्या 400016 मध्ये. पाकिटावर नुसतं 'माटुंगा' असलं तरी पोस्टमनची नजर ते सावरून घेते. मेलचा नियम सावरून घेत नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यातलं अक्षर बदललं की त्याच्या लेखी तो माणूसच वेगळा. प्राप्तिकराचं ई-फायलिंग पोर्टल 7 जून 2021 पासून नव्या पत्त्यावर गेलं; जुन्या डोमेनवर बांधलेले नियम तिथेच निकामी झाले. बँकांना तर रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या डोमेनवर जायला सांगितलं होतं, म्हणजे ऑफिस अपग्रेडच्या त्याच महिन्यात. त्यानंतर बँकेचा मेल इनबॉक्समध्ये दिसला की दोष नव्या आउटलुकच्या माथी मारणं सोपं होतं. म्हणून शंका आली की आधी ताजा मेल उघडावा, पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा आणि नियमातल्या पत्त्याशी ताडून पाहावा. जुना पत्ता काढू नये, नवा त्याच्या जोडीला घालावा.

सगळ्याच बंद पडलेल्या गोष्टी चालू करायच्याही नसतात. मेल आला की एखादा प्रोग्रॅम किंवा स्क्रिप्ट चालवणारे नियम मायक्रोसॉफ्टने 2017 मध्ये सुरक्षेसाठीच बंद केले. बाहेरच्या पत्त्यावर आपोआप मेल धाडणंही मायक्रोसॉफ्ट 365 आता मुळातच अडवतं. साहेबांच्या खासगी जीमेलवर सगळं जावं म्हणून केलेला नियम त्यामुळे अडकतो, आणि अडकलेला बरा.

यादी उघडलीच आहे तर शेवटपर्यंत वाचावी. पासवर्ड चोरणारे भामटे पहिलं काम हेच करतात: 'इन्व्हॉइस', 'पेमेंट' असे शब्द असलेले मेल वाचलेले दाखवून 'आरएसएस फीड्स'सारख्या, कोणी कधीच न उघडणाऱ्या फोल्डरात टाकणारा एक नियम करून ठेवतात. त्याला नाव असतं बहुतेकदा नुसतं एक टिंब. आपण केला नाही असा नियम दिसला की त्याचा स्क्रीनशॉट काढावा, मग तो बंद करावा, पासवर्ड बदलावा, इतर सगळीकडून लॉगआउट करावं, द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी. त्या फोल्डरात दडलेले मेल वाचून काढावेत. आपल्या नावाने कोणत्या अशिलाला बँक खात्याचा खोटा नंबर गेलाय हे तिथेच कळतं. त्या अशिलाला मेल करू नये, फोन करावा. पैसे निघून गेले असतील, तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर त्याच तासात कळवावं.