चौदा दिवसांच्या खोलीसाठी बांधलेली बॅग

डिसेंबर २०२०. साताऱ्याच्या घरात ताईची बॅग भरायला आम्ही तिघी बसलो होतो. आई, ताई आणि मी. फेब्रुवारीत बाबांच्या आजारपणासाठी सिडनीहून आलेली ताई तीन आठवड्यांत परत जायची होती. मार्च संपण्याआधीच भारताने आंतरराष्ट्रीय विमाने थांबवली, ऑस्ट्रेलियानेही सीमा बंद केल्या. जूनमध्ये बाबा गेले. दहा महिन्यांनी ताईला परतीच्या विमानात जागा मिळाली, पण उतरल्यावर नवरा आणि मुले भेटणार नव्हती. आधी सरकार देईल त्या हॉटेलात, एका खोलीत, १४ दिवस एकटीने राहायचे होते.

नियमांची पाने भरपूर होती. त्या खोलीत माणूस १४ दिवस राहतो कसा, हे मात्र कुठल्याच पानावर नव्हते. आधी जाऊन आलेल्यांचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप ऐकत आम्ही यादी केली. ते ज्ञान घराघरांत विखुरले आणि आता विसरले जाते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचे ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. पुढची साथ कधी येईल हे कोणाला माहीत नाही, पण ती आली की सीमा आणि हॉटेलांची दारे पुन्हा अशीच बंद होतील, असे मला वाटते. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

ऑस्ट्रेलियाने हा नियम २८ मार्च २०२०च्या मध्यरात्रीपासून लावला. परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाने ज्या शहरात उतरेल तिथेच १४ दिवस हॉटेलात राहायचे. सुरुवातीला खर्च सरकारचा होता. न्यू साउथ वेल्स राज्याने १८ जुलै २०२०पासून प्रवाशांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. एका प्रौढाचे ३,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने दीड लाख रुपयांहून अधिक. सोबतच्या प्रत्येक प्रौढाचे आणखी १,००० आणि मुलाचे ५००. हॉटेल आपण निवडायचे नव्हते. विमानतळावरून पोलिसांच्या देखरेखीखाली बस निघे आणि ती जिथे थांबेल ते आपले हॉटेल. तेव्हा खिडकी उघडणारी असेल की नाही, गच्ची मिळेल की नाही, खोलीत बाथटब असेल की नुसता शॉवर, यातले काहीही गृहीत धरता येत नव्हते. तयारीचा पहिला धडा हाच, की सगळ्यात वाईट खोली मिळेल असे समजून बॅग भरावी.

१४ दिवसच का, हा प्रश्न आईने पहिल्याच दिवशी विचारला. विमानतळावर एक चाचणी करून सोडत का नाहीत? विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात. मार्च २०२०मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सुरुवातीच्या रुग्णांवरून हिशेब मांडला होता. हा काळ साधारण ५ दिवसांचा, आणि ज्यांना लक्षणे दिसणार त्यांतल्या शंभरातल्या सत्त्याण्णवांहून अधिक लोकांना ती साडेअकरा दिवसांच्या आत दिसतात. विमानात लागण झालेल्या माणसाची चाचणी उतरल्या उतरल्या केली, तर ती बहुधा नकारात्मकच येईल. म्हणून दुसऱ्या दिवशी एक चाचणी, दहाव्या दिवशी दुसरी, आणि वर थोडे दिवस राखून ठेवलेले. हे समजल्यावर आईचा राग थोडा निवळला. कारण कळले की दिवस काढणे थोडे सोपे जाते, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

आता दाराविषयी, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि बॅगेच्या कुठल्याही यादीत ती येत नाही.

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस भारतातून न्यूझीलंडला गेलेल्या एका प्रवाशाने क्राइस्टचर्चच्या हॉटेलात १४ दिवस काढले. दोन्ही चाचण्या नकारात्मक आल्या आणि तो घरी गेला. घरी गेल्यावर त्याला कोविड झाल्याचे निघाले. विषाणूच्या जनुकांची जुळणी केल्यावर तो विमानातल्याच दुसऱ्या एका प्रवाशाच्या विषाणूशी जुळला, आणि हा दुसरा प्रवासी शेजारच्याच खोलीत होता. दोघे एकमेकांना भेटले नव्हते. आधी संशय कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर होता. मग कॅमेऱ्याचे चित्रण तपासले गेले. बाराव्या दिवशी दोन्ही खोल्यांत दारातच चाचणी घेतली होती, आणि एक दार बंद होऊन दुसरे उघडण्यात फक्त ५० सेकंद गेले होते. हवा खेळती नसलेल्या त्या अरुंद बोळात श्वासातले सूक्ष्म थेंब तेवढा वेळ तरंगत राहिले असावेत, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

ही हकीकत आम्हाला पुढच्या वर्षी वाचायला मिळाली. ताईला मात्र तिच्या एका मैत्रिणीने आधीच बजावले होते: जेवणाची पिशवी ठेवून टकटक झाली की लगेच दार उघडू नकोस, शंभर आकडे मोज, मास्क घाल, पिशवी आत घे, दार लाव. समोरच्या खोलीचे दार उघडे दिसले तर थांब. हॉटेलातला कोंडवास हा आजारी नसलेल्या माणसाला आजारी माणसाच्या शेजारी आणून ठेवतो, हे त्या व्यवस्थेतले मोठे वैगुण्य होते. मेलबर्नमध्ये २०२०च्या हिवाळ्यात आलेली मोठी लाट अशाच हॉटेलांतून शहरात पसरली होती. प्रवाशाच्या हातात होते ते एवढेच, आपले दार कधी उघडायचे.

बॅगेचा सगळ्यात मोठा वाद झाला तो कंदी पेढ्यांवरून. साताऱ्याहून कोणी परदेशी निघाले की पेढ्यांचा पुडा जातोच. पण ऑस्ट्रेलिया दुधाच्या मिठाया भारतातून आत येऊ देत नाही. आपल्याकडे गुरांना लाळ्या-खुरकताचा रोग होतो, त्यांच्याकडे तो नाही, आणि दुधाच्या पदार्थांतून तो जाऊ नये याची त्यांना काळजी. कढीपत्ता, ताजी फळे, पेरण्याजोगे बी, मध यांतल्या बहुतेक गोष्टी अडतात किंवा तपासणीत वेळ खातात. आईने केलेली शेंगदाण्याची चटणी न्यायची की नाही यावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी दुकानातली बंद पाकिटे घेतली, ज्यांवर घटक इंग्रजीत छापलेले होते, आणि जे काही खाण्याचे आहे ते सगळे प्रवेशाच्या कार्डावर लिहून दाखवायचे ठरले. लिहून दाखवलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होतो. आईची चटणी घरीच राहिली.

तिथे जेवण तिन्ही वेळा कागदी पिशवीत येई आणि पुष्कळदा गार झालेले असे. शेगडी किंवा इंडक्शन लावायला बंदी होती, कारण धुराने आगीचा गजर वाजतो आणि साऱ्या इमारतीला खाली उतरावे लागते. खोलीत भरवशाची एकच गोष्ट, पाणी तापवायची किटली. तेव्हा उकळत्या पाण्याने जे तयार होईल तेच न्यायचे. पाकिटातले तयार पोहे, उपमा, साराची पूड, मेतकूट, कोकमाचे आगळ, लसणाची कोरडी चटणी. गार भातावर मेतकूट आणि गरम पाण्यात कालवलेले सार, एवढ्यावर ताईने पाच-सहा जेवणे भागवली. स्टीलचा एक डबा, वाटी, चमचा आणि न्हाणीघरासाठी एक प्लास्टिकचा मग. मगाचे नाव कोणी यादीत लिहीत नाही, पण आपल्या माणसाला त्याच्यावाचून पहिल्या तासातच अडते.

औषधांबाबत कुचराई करू नये. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. ऑस्ट्रेलियात स्वतःपुरता जास्तीत जास्त तीन महिन्यांचा साठा नेता येतो. ताप, उलटी, ॲसिडिटी आणि ॲलर्जीच्या गोळ्या वेगळ्या ठेवाव्यात. बंद खोलीत, गालिच्याच्या धुळीत, वातानुकूलनाच्या थंड हवेत शिंका सुरू होतात आणि साधी शिंकही त्या दिवसांत माणसाला घाबरवते. रोज परिचारिकेचा फोन येई, तिला काय होते आहे ते खरे सांगावे. लक्षण लपवून सुटका लवकर होत नाही, उलट शेजारच्या दाराला धोका होतो.

बाकीचे थोडक्यात सांगते. तिरक्या पायांच्या तीन पिनांचा तिथला प्लग आणि एक लांब वायरचा बोर्ड. कपडे वाळवायला नायलॉनची दोरी आणि साबणाची वडी, कारण खोली झाडायला, चादरी बदलायला कोणी आत येत नसे. सूर्यनमस्कारांसाठी पातळ चटई. बाहेरचा नातेवाईक दाराशी पिशवी देऊन जाऊ शकत असे, ती तपासून वर येई. तेव्हा जड वस्तू भारतातून न नेता तिथूनच मागवाव्यात.

पण बॅगेत न मावणारी एक गोष्ट होती, आणि तिची तयारी आम्ही केली नाही. ती वेळेची. सिडनीचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापुढे साडेपाच तास असते. पहिले चार दिवस ताई तिथल्या पहाटेपर्यंत आमच्याशी बोलत राहिली आणि दुपारभर झोपली. पाचव्या दिवशी तिला रडू आवरेना. बाबांच्या वर्षश्राद्धाला सहा महिने होते, तरी तिला वाटत होते की सगळे काल घडले. घर सोडून आलेली आणि घरी न पोचलेली, अशी ती मध्येच अडकली होती. सकाळी उठल्याबरोबर पडदा उघडायचा, खुर्ची खिडकीशी ओढायची, तासभर उजेडात बसायचे, दुपारी पलंगावर आडवे व्हायचे नाही, एवढे तिने सहाव्या दिवसापासून पाळले आणि झोप जागेवर आली. उजेड शरीराचे घड्याळ लावतो. हे आधीच ठरवून गेली असती तर पाच दिवस वाचले असते.

नवव्या मजल्यावरच्या तिच्या खिडकीखाली दहाव्या दिवशी मुले आली. पदपथावर उभी राहून त्यांनी पुठ्ठ्यावर रंगाने लिहिलेले नाव वर धरले. काच उघडत नव्हती. फोन कानाला लावून दोघांनी आईशी बोलत हात हलवले. ताई म्हणते, त्या वीस मिनिटांसाठी तिने सकाळीच अंघोळ करून साडी नेसली होती. मी सामान भरताना साडी कशाला, म्हणून ती बाहेर काढली होती. तिने ती गुपचूप परत आत ठेवली होती.

ताई तिथे होती त्याच महिन्यात मुंबईत उलटा प्रवास करणारे अडकले. ब्रिटनमध्ये विषाणूचा नवा प्रकार सापडला आणि २१ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने युरोप आणि मध्यपूर्वेतून येणाऱ्यांना संस्थात्मक विलगीकरण सक्तीचे केले. मुंबईतल्या हॉटेलांत, स्वतःच्या खर्चाने. कित्येकांना विमानात बसल्यावर कळले. दुबईहून सुट्टीला आलेल्या कामगाराला ते भाडे आणि सिडनीच्या पगारदार कुटुंबाला ३,००० डॉलर, या दोन ओझ्यांची तुलना करता येणार नाही. सक्ती सार्वजनिक हितासाठी असेल तर खर्चही सार्वजनिक असावा, निदान ज्याला झेपत नाही त्याचा तरी, असे माझे ठाम मत आहे.

नियम प्रवासाच्या मध्येही बदलतात, याचा सर्वांत कडू अनुभव मे २०२१मध्ये आला. भारतातल्या दुसऱ्या लाटेत ऑस्ट्रेलियाने भारतातून येणारी विमाने थांबवली. ३ मेपासून भारतातून परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद लागू केली. बंदी १५ मे रोजी उठली आणि पहिले विमान डार्विनजवळच्या हॉवर्ड स्प्रिंग्ज इथे माणसे घेऊन गेले. ती हॉटेलची इमारत नव्हती. कामगारांसाठी बांधलेली बैठी वसाहत होती आणि प्रत्येक खोलीचे दार थेट उघड्या हवेत उघडत होते. सुमारे १५० जण जाणार होते, पण निघण्याआधीच्या चाचण्यांत कितीतरी बाधित निघाले आणि ८० जणच विमानात बसले. उरलेले भरलेल्या बॅगा घेऊन परत फिरले. म्हणून ज्या दिवशी विमान सुटेल त्या दिवसापर्यंत मागचे घर मोडू नये, नोकरीची रजा वाढवून ठेवावी, आणि विम्यात चुकलेल्या प्रवासाचा खर्च येतो का ते आधी वाचावे.

वाचकांना एक विनंती आहे. तुम्ही किंवा तुमच्या घरातले कोणी अशा खोलीत राहून आले असेल, तर आपली यादी आज कागदावर लिहा. काय नेले, काय विसरले, कोणत्या दिवशी धीर सुटला आणि कशाने परत आला. ती यादी पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. ताईची आमच्या कपाटात आहे. तिच्या शेवटच्या ओळीत तिच्या हाताने लिहिले आहे: साडी न्यावी.