मेजरच्या तळपायाला काशाची वाटी

बारामती-इंदापूरकडे फौजेतून पेन्शनवर आलेला माणूस नाईक असो की सुभेदार, गावाला तो ‘मेजर’च. झेंडावंदनाला त्याला पुढची खुर्ची मिळते, एमआयडीसीत नाहीतर साखर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरी मिळते. मात्र हाच मेजर रात्री दोनला दचकून उठून बसतो, वरातीचा डीजे सुरू झाला की मुकाट्याने वस्तीवर निघून जातो, हॉटेलात कायम भिंतीला पाठ लावून आणि दाराकडे तोंड करून बसतो. हे फक्त घरच्यांना ठाऊक असतं. विचारलं तर ते म्हणतात, ‘तापट आहेत जरा. फौजेतले ना!’

प्रत्येक तापट फौजी आजारी नसतो, हे आधीच सांगायला हवं. पण काहींचं दुखणं खरंच ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’, म्हणजे पीटीएसडी असतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हे नाव १९८० साली आलं. दुखणं त्याहून फार जुनं. जीवघेणा प्रसंग कधीच सरलेला असतो, पण शरीराला ते कळलेलं नसतं. मान-खांदे ताठ, झोप सावध, भिगवणजवळ हायवेवर ट्रकचा टायर फुटला तरी काळजाचा ठोका चुकतो. असा माणूस ‘मन बिघडलंय’ म्हणून दवाखान्यात जात नाही. तो म्हणतो, ‘पाठ धरलीय, कुणीतरी चोळून द्या.’

मालिशीचा विषय इथून सुरू होतो. युद्धाने खचलेल्या माणसाला चोळून बरं करण्याची खटपट जुनी आहे. अमेरिकी यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन रुग्णालयात नसांना जखमा झालेले सैनिक तपासणाऱ्या डॉ. वेअर मिचेल यांनी पुढे विश्रांती, भरपूर आहार, मालिश आणि विजेचे हलके झटके असा उपचार रूढ केला. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने मालिश जाणणाऱ्या स्त्रियांचं पथकच उभं केलं. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात युद्धाच्या मानसिक धक्क्यासाठी ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या लंडनच्या सेंट डन्स्टन्समध्ये लढाईत डोळे गमावलेल्या सैनिकांना मालिशीचं रीतसर शिक्षण मिळू लागलं. जखमी माणूसच दुसऱ्या जखमी माणसाच्या कामी आला, हे मला फार थोर वाटतं. १९१५ च्याच डिसेंबरात मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराला वेढा पडला. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणींचे शिपाई त्यात अडकले. एप्रिल १९१६ मध्ये शरणागती आणि मग कैद. त्यातून जे परतले, त्यांनाही गावाने तापटच म्हटलं असेल.

शरीराच्या जखमांची सोय पुणे परिसराने लवकर केली. खडकीतली क्वीन मेरी तंत्रशाळा ही १९१७ ची संस्था, पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ चं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले आपले मुरलीकांत पेटकर उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गहून पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक घेऊन आले. मनाच्या जखमांना फार वाट पाहावी लागली. सैन्यदलांसाठी ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला तो १ डिसेंबर २०२३ रोजी.

आता मुद्द्याचा प्रश्न. मालिशीने पीटीएसडी बरा होतो का? नाही. मुख्य उपचार म्हणजे आघातावर नेमकं काम करणारी मानसोपचाराची सत्रं, आणि लागतील तशी औषधं. पण मालिशीने काहीच होत नाही, असंही नाही. केसाळ त्वचेत हळुवार स्पर्शाला जागणारे वेगळे मज्जातंतू असतात. हात सेकंदाला साधारण ३ सेंटिमीटर सरकला की ते सर्वाधिक प्रतिसाद देतात, आणि नेमका तोच वेग माणसाला सुखाचा वाटतो. अमेरिकेत माजी सैनिक आणि त्यांचे जोडीदार अशा १६० जोड्यांवरचा एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ध्यानासोबत एकमेकांना घरी मालिश करायला शिकवलं होतं. मालिशीनंतर दुखणं, ताण, चिडचिड कमी झाल्याचं त्या सैनिकांनी नोंदवलं. हे त्यांचं स्वतःचं सांगणं, तेवढं लक्षात ठेवू. अमेरिकेचं माजी सैनिक खातंही २०१७ पासून मालिश देतं, पण मुख्य उपचाराच्या जोडीला.

आपल्याकडे मालिशीचं अप्रूप नाही. तालमीत पैलवान एकमेकांना रगडतात, नरक चतुर्दशीला पहाटे घरोघर तेल-उटणं लागतं. वाग्भटाने तर अभ्यंग रोजचं सांगितलं, त्यातही डोकं, कान आणि तळपाय विशेष. पण पीटीएसडीच्या माणसाला उघड्या अंगाने पालथं झोपवून पाठीमागून हात घालणं म्हणजे संकटाला आमंत्रण. मागे कोण आहे हे न दिसणं, हीच तर त्याची भीती!

म्हणून माझं मत काशाच्या वाटीला. मेजर भिंतीला टेकून खुर्चीत बसतात, दार समोर, दिवा चालू, अंगावर कपडे पूर्ण. बायको समोर पाटावर बसते. ‘अहो, पाय पुढे करता का?’ असं आधी विचारते. तळव्याला चमचाभर तूप किंवा खोबरेल, आणि वाटी टाचेकडून बोटांकडे, सावकाश, एका लयीत. थोड्या वेळाने तळवा काळपट होतो. ती बाहेर पडलेली उष्णता, असं आजी सांगते. खरं तर तो काशातल्या तांब्याचा आणि स्निग्धाचा खेळ आहे. पण बुटांत आयुष्य गेलेल्या पायांना बरं वाटतं, हे आजीचं खरं. आणि ‘बास’ म्हटल्याबरोबर हात थांबतो, यात निम्मा उपचार आहे. लढाईचा विषय आपण काढू नये. त्यांनी काढला तर ऐकावा.

पथ्यंही आहेत. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, ताजं ऑपरेशन, भाजलेली कातडी, अंगात राहिलेले छर्रे, रक्त पातळ करणारी गोळी, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. मधुमेहाने तळवे बधिर असतील तर गरम तेल अजिबात नको. ‘नस मोकळी करतो’ म्हणत मान कडाकडा मोडणाऱ्यांपासून तर लांबच राहावं. दुखणं पाठीचं नसून झोपेचं आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. मालिश करताना माणूस घामाघूम झाला, नजर हरवली, तर हात काढून घ्यावा, नाव घेऊन हाक मारावी, आपण घरी आहोत हे सांगावं. वरचेवर असं होत असेल, झोप लागत नसेल, दारू वाढली असेल, तर वाटी बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रत्येक वेळी शंभर किलोमीटर पुणं गाठायला नको.

या दिवाळीत शेजारी मेजर राहत असतील तर सुतळी बॉम्बची वात पेटवण्याआधी त्यांच्या घरी सांगून या, आणि जमलं तर बॉम्ब राहूच द्या. त्यांच्या घरच्यांना एक नंबरही लिहून द्या: टेली-मानस, १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.