घाटावरची वावरे

‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण मुंबई-पुण्याच्या माणसाला ठाऊक असते. वऱ्हाड म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती काळीभोर, भेगाळलेली कापसाची जमीन. पण ती झाली पूर्णेच्या खोऱ्यातली, म्हणजे पायनघाटातली. अकोल्याहून दक्षिणेकडे घाट चढून गेलात की दुसरेच वऱ्हाड लागते. त्याला बालाघाट म्हणतात. अजिंठ्याच्या डोंगररांगांनी उचलून धरलेल्या या पठारावर वाशीम जिल्हा वसला आहे. अकोल्यातून वेगळा होऊन हा जिल्हा १९९८ साली झाला. वाशीम गाव मात्र फार जुने. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच.

हे पठार म्हणजे पावसाच्या घराचे आढे. काटेपूर्णा उत्तरेला उतरते आणि तिचे पाणी पूर्णा-तापीतून अरबी समुद्राला मिळते. अडाण आणि अरुणावती पैनगंगेला जातात आणि त्यांचे पाणी गोदावरीवाटे बंगालच्या उपसागराला पोचते. पाऊस दोन्ही पाख्यांवरून ओघळून जातो. मागे उरते ती उतारावरची मुरमाड, बरड जमीन आणि तिच्यावर पोट असलेला चार-पाच एकरांचा धनी.

अशा जमिनीवर जगायचे, तर एका पिकावर विसंबून भागत नाही, हे जुन्या शेतकऱ्याने ओळखले होते. तिफणीच्या चाड्यातून ज्वारी पडे आणि मागे बांधलेल्या सरत्यातून घरची बाई तूर सोडीत जाई. मूग पोळ्याच्या आगेमागे घरात येई. त्यावर सण निघे. पाठोपाठ उडीद. दसऱ्यानंतर वावरात सीतादहीची पूजा करून, दहीभात शिंपून कापसाची वेचणी सुरू होई. मग ज्वारी खळ्यावर येई, आणि पौष-माघात तूर. पाऊस लवकर गेला, ज्वारी हुकली, तरी खोल मुळांची तूर तग धरी. एकाने दगा दिला तर दुसरे हात देई.

शिवाय काही वाया जात नसे. दाणा माणसाला, कडबा बैलाला, बैलाचे शेण वावराला. पऱ्हाटी चुलीत जाई आणि तुराटीचा कूड होई. पैसा थोडा येई. पण बाहेर जाईही थोडाच.

म्हणून तो काळ सुखाचा होता असे मात्र समजू नका. सावकाराचे देणे होते, निंदणात बायकांच्या कमरा मोडत होत्या, आणि गोफण घेऊन पाखरे हाकण्यात पोरांची शाळा बुडत होती.

मग सोयाबीन आले. शंभर-एक दिवसांत हाती येणारे, पाखरांची राखण न मागणारे, मळणीयंत्रातून निघाले की थेट बाजार समितीत जाणारे हे पीक. शेतकरी त्याच्याकडे वळला तो काही वेडेपणाने नव्हे. आज जिल्ह्याच्या खरिपात मुख्य पीक तेच आहे. पण ज्वारी गेली तसा कडबा गेला. सोयाबीनचे कुटार त्याची जागा भरून काढीत नाही. कडबा गेला, बैल कमी झाले आणि शेणखतही आटले.

आणि सगळ्यांचा माल एकाच वेळी बाजारात येतो! देणे फेडायचे, पोरांना कपडे घ्यायचे, त्याला भावासाठी थांबता येत नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलला ४,८९२ रुपये होती. ऐन दिवाळीत बाजारभाव मात्र तिच्याखालीच होता. ब्राझील-अमेरिकेतल्या पिकाचा परिणाम आता मालेगाव-रिसोडच्या काट्यावर दिसतो.

तरीही जुने शहाणपण अगदीच बुडालेले नाही. सोयाबीनच्या ओळींमध्ये तुरीची ओळ टाकणारे शेतकरी इथे पुष्कळ आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि शहरात ज्वारीच्या भाकरीला पुन्हा मान मिळू लागला. हा मान भाकरीबरोबर ती पिकवणाऱ्यालाही मिळाला, ज्वारीला परवडेल असा भाव आला, तर घाटावरच्या एखाद-दुसऱ्या एकरात ती परत येईल. तिच्याबरोबर कडबा येईल आणि कदाचित गोठ्यात बैलजोडीही.

वाचकहो, दिवाळीचा फराळ झाल्यावर घरी पुन्हा साधे वरण शिजेल. त्यातली तूर कदाचित याच घाटावरची असेल. भाव करताना तेवढे ध्यानात असू द्यावे.