हरणांच्या शिवारात एक दुपार

वाइल्डलाइफ म्हटलं की आपला बेत ठरलेला असतो. ताडोबाचं बुकिंग, पहाटेचा अलार्म, उघडी जिप्सी आणि वाघ दिसला नाही की परतीच्या वाटेवर पडलेले चेहरे. या वीकेण्डला जरा वेगळं काही करून बघा. सप्टेंबर सरत आलाय, पाऊस उघडलाय, गवत अजून हिरवं आहे आणि ऑक्टोबर हीटला पुरतं तोंड फुटायचंय. सकाळचा चहा-नाश्ता आरामात आटपा आणि हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावातून गाडी काढा.

पुसेगावच का? सेनगाव तालुक्यातलं हे गाव टुरिस्ट मंडळींच्या यादीत नसतं, मान्य. भोवती काढणीला आलेलं सोयाबीन, उभी तूर, रुंद पानांची हळद आणि मधेमधे नाले. यात जंगल कुठेय, असं वाटेल. पण थांबा. एक किस्सा ऐका.

वॉकरची गोष्ट

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात एक तरुण वाघ होता. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०१९च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली. त्याच जूनमध्ये साहेबांनी घर सोडलं. जागा हवी, जोडीदार हवी, खाण्यापिण्याची बऱ्यापैकी सोय हवी. थोडक्यात, आपल्यासारखंच! तेलंगणातलं आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला असं करत डिसेंबरपर्यंत तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर १३०० किलोमीटरचं चालणं झालं होतं. पुढे आकडा ३०००च्या वर गेला आणि जगभरच्या बातम्यांत त्याचं नाव पडलं 'वॉकर'.

यातली मजा बघा. या सगळ्या वाटेवर जंगलं थोडी, शेतं जास्त. दिवसा झुडपात दडायचं आणि रात्री नाल्यानाल्यानं, बांधाबांधानं पुढे सरकायचं, असा त्याचा शिरस्ता. म्हणजे गाडीच्या खिडकीतून तुम्हाला जे नुसतं शिवार दिसतं, ते जनावरांच्या दृष्टीनं रहदारीचा रस्ता असतो. हे डोक्यात ठेवलं की पुढची दुपार वेगळीच दिसायला लागते.

पैनगंगेच्या पलीकडे

पैनगंगा ओलांडली की मराठवाडा संपून विदर्भ लागतो. वाशिम, मंगरूळपीर आणि पुढे कारंजा. इथलं कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य २००० साली जाहीर झालं. क्षेत्रफळ फक्त १८.३२ चौरस किलोमीटर. ताडोबाचा कोअर एरियाच ६२५च्या आसपास आहे, त्यावरून अंदाज घ्या. इथे घनदाट वगैरे काही नाही. गवताचे माळ, विरळ बाभळी आणि अफाट आभाळ.

भर दुपारी पोचलात तर घाई नको. उन्हात हरणं सावली धरून बसलेली असतात. तीन-साडेतीन वाजले, ऊन कललं, की माळ जागा होतो. आधी बदामी रंगाच्या माद्या दिसतात. त्यांना शिंगं नसतात. मग कुठून तरी तो येतो. वरून काळाभोर, पोटाखाली पांढराशुभ्र आणि डोक्यावर पिळाची शिंगं. पूर्ण वाढलेला नरच एवढा काळा होतो. कोवळी पोरं अजून तपकिरी असतात. पावसाळा सरतानाचे हे दिवस नरांच्या भाऊबंदकीचे. लेंड्यांचे ढीग घालून आणि डोळ्यांजवळच्या ग्रंथीचा वास गवताला लावून प्रत्येक जण आपली हद्द आखतो. दुसरा आत शिरला की मान ताठ, नाक वर आणि वेळ पडलीच तर शिंगाला शिंग.

कळपातल्या एकीला संशय आला, तर ती जागच्या जागी हवेत उडी घेते. मग दुसरी, मग तिसरी, आणि बघता बघता अख्खा कळप उधळतो. ताशी ८० किलोमीटरपर्यंत पळू शकणारं हे जनावर. एवढा वेग कशाला लागतो? कारण एके काळी मागे चित्ता असायचा. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. २०२२ साली तो नामिबियातून कुनोत आणला गेला, पण इकडे नाही. पाठलाग करणारा गेला, पळणं मात्र अंगात राहिलं.

हद्द कुणाला कळते?

आता खरी गोम. १८ चौरस किलोमीटरच्या कागदावरच्या रेषा हरणाला कशा कळणार? गवत संपलं की पुढचा घास सोयाबीनचा, नाहीतर हरभऱ्याच्या कोवळ्या डिऱ्यांचा. सोबतीला रोही आणि रानडुकरं असतातच. आपल्याला हरणांचा कळप 'वॉव' वाटतो. पण ज्याच्या शेतात तो उतरतो त्या शेतकऱ्याला रात्र रात्र जागल करावी लागते. वन विभाग भरपाई देतो, पण अर्ज आणि पंचनामा आधी. आणि मोडलेला हंगाम काही परत उभा राहत नाही.

तरीही हा प्राणी इथे टिकलाय. कायद्याचं संरक्षण आहे, हे खरंच. पण शेजारच्या गावांनी तो सोसलाय, हेही तितकंच खरं. तिकीट आपण अभयारण्याचं काढतो, पण हरणांचा मोठा खर्च बाहेरचा शेतकरी भरतो.

बाहेरच्यांचं आणखी एक उदाहरण तनमोराचं. पावसाळ्यात गवताच्या वर उड्या मारून मादीला खुणावणारा हा कोंबडीएवढा पक्षी आता जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांपैकी एक आहे. अकोला-वाशिमच्या माळांवर त्याचा माग काढायला कारंज्याच्या 'संवेदना' संस्थेचे कौस्तुभ पांढरीपांडे यांनी सोबत घेतलं ते फासेपारध्यांना. ज्यांच्या वाडवडिलांनी फास लावले, त्यांच्याइतकं गवत वाचणारं दुसरं आहे कोण?

आणि रस्ता? नागपूरहून मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग या अभयारण्याच्या इको-सेन्सिटिव्ह पट्ट्यातूनच जातो. जनावरांसाठी त्यावर ओव्हरपास-अंडरपास बांधलेत. आपल्याला कारंजं जवळ आलं ते या रस्त्यानं. पण वॉकरसारखा एखादा तरुण उद्या निघाला, तर त्याला हाच रस्ता ओलांडायचाय.

सहाच्या सुमारास सूर्य टेकतो. कळप एकेक करून हद्दीबाहेरच्या शिवाराकडे सरकायला लागतो. तेव्हा आता कुणाची तरी जागल सुरू होणार, एवढं आठवा. बस्स.

निघण्याआधी

• प्रवेश आणि वेळा वन विभागाकडे आधी विचारून घ्या.
• ८ बाय ४०ची दुर्बीण पुरते. कपडे मळकट रंगाचे, भडक टी-शर्ट घरी.
• गाडी रस्त्यावरच ठेवा. फोटोसाठी कळपामागे धावणं आणि ड्रोन, दोन्ही नको.
• शेतात शिरू नका. शिरावंच लागलं तर मालकाला विचारा. दोन शब्द बोलाल तर कळप कुठेय तेही तोच सांगेल.
• पाणी, चिवडा बरोबर न्या. रिकाम्या पिशव्याही बरोबर परत आणा.