बियाण्याची पिशवी आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती

१९७२ साली ज्या दिवशी परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले त्या १८ मे या तारखेस दर वर्षी विद्यापीठाच्या आवारात खरिपाचा शेतकरी मेळावा भरतो, आणि जिंतूर, पाथरी, गंगाखेड, पालम अशा तालुक्यांतून आलेली माणसे उन्हाची तमा न बाळगता बियाण्याच्या रांगेत उभी राहतात. त्यांच्या हाती पडणाऱ्या पिशवीमागे किती वर्षांचे सोपस्कार उभे असतात, हे रांगेतल्या प्रत्येकास ठाऊक असेलच असे नाही. परंतु ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणासही वाचता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती प्रसृत करण्याची पद्धती समजून घ्यायची असेल, तर त्या पिशवीइतका चांगला दाखला मला दुसरा सापडत नाही.

पैदासकाराच्या प्लॉटात एखादे पीक डौलाने उभे राहिले, एवढ्यावर ते वाण म्हणून प्रसारित होत नाही. निरनिराळ्या ठिकाणी, हलक्या आणि भारी जमिनींत, काही हंगाम त्याच्या चाचण्या होतात. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत त्याची छाननी होते. अखेर राजपत्रात अधिसूचना निघते. लोह आणि जस्त यांनी समृद्ध असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी २०१८ साली प्रसारित झाली, ती असे टप्पे ओलांडूनच. त्यानंतरही बियाणे एकदम बाजारात येत नाही; पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि पायाभूतापासून प्रमाणित अशी पायरीपायरीने त्याची वाढ होते, आणि पिशवीच्या तोंडाशी शिवलेला टॅग पहिल्या पायरीस पिवळा, दुसरीस पांढरा, तिसरीस निळा असतो.

सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात मूळ कोडमध्ये देशोदेशींची माणसे रोज भर घालत असतात, एकाची दुरुस्ती दुसऱ्याच्या कामास बाधते, आणि हा चालता प्लॉट जसाच्या तसा कोणाच्या संगणकावर नेऊन बसवणे म्हणजे निवड पुरी न झालेले बी सरसकट पेरणीस देणे होय. म्हणून ठरलेल्या दिवशी नवी भर बंद करून केवळ दोष काढण्याची मुदत सुरू होते. या बंदीस त्या व्यवसायातील लोक ‘फ्रीझ’ म्हणतात. संगणक चालवणाऱ्या लिनक्स या प्रणालीच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, शिस्त या बाबतीत पाहण्यासारखी आहे: नव्या गोष्टी दाखल करण्यास दोन आठवडे, आणि पुढे बहुधा दर आठवड्यास एक याप्रमाणे सात-आठ चाचणी-आवृत्त्या, ज्यांत प्रवेश फक्त दुरुस्तीस. लिनक्सवरील खिडक्या आणि मेनू पुरवणाऱ्या ग्नोमसारख्या प्रकल्पात तर पडद्यावर दिसणारी इंग्रजी वाक्येही काही आठवडे आधी कायम केली जातात, कारण ‘जतन करा’ असे लिहून झालेल्या मराठी भाषांतरकाराच्या हाताखालचे मूळ वाक्य ऐन वेळी बदलले, तर मराठी पडद्यास इंग्रजीचे ठिगळ लागते. असे भाषांतर अनेक जण फावल्या वेळात, विनावेतन करतात, आणि त्यांच्या मुदतीचा मान राखणारे हे कलम मी या साऱ्या पद्धतीतील सर्वांत सभ्य कलम मानतो.

तारीख ठरवण्याविषयी मात्र दोन पंथ आहेत. १९९३ पासून चालत आलेला, लिनक्सवर आधारलेली संपूर्ण प्रणाली बांधणारा डेबियन प्रकल्प काम सिद्ध झाल्यावाचून आवृत्ती काढत नाही. जुलै २००२ नंतरची त्याची पुढची मुख्य आवृत्ती थेट जून २००५ मध्ये आली. तशाच दुसऱ्या प्रणालीने, उबुंटूने, २००४ पासून साधारणतः एप्रिल आणि ऑक्टोबर असा सहामाही नेम धरला. मृग कोणासाठी खोळंबत नाही, जे वाण तयार नाही ते पुढच्या खरिपास, हे जाणणाऱ्या शेतकऱ्यास दुसरा पंथ चटकन पटेल, आणि माझा कौलही त्यालाच आहे. पुढचा हंगाम निश्चित ठाऊक असला म्हणजे अर्धवट काम आत दडपण्याचा मोह उरत नाही.

परंतु पिशवी भरताना दक्षता नसेल तर तारीख पाळूनही अनर्थ होतो. २०२४ च्या आरंभी ‘एक्सझेड’ या, फायली आवळून लहान करणाऱ्या आणि बहुतेक लिनक्स संगणकांवर असणाऱ्या साधनात, दोन वर्षे विश्वास संपादन करून आवृत्ती काढण्याचा अधिकार मिळवलेल्या एका टोपणनावी व्यक्तीने चोरदरवाजा बसवला. त्याचे सामान चाचणीच्या फायलींत दडवलेले होते. ते जागे करणारा मजकूर मात्र सर्वांस दिसणाऱ्या मूळ कोडमध्ये नव्हता, तो केवळ वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. टॅग खरा, शिक्का खरा, बी मात्र निराळे! आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरास आपल्या डेबियन संगणकावर प्रवेशास (लॉगिनला) सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले, त्याने कारणाचा पाठपुरावा केला, आणि २९ मार्च रोजी हे कृत्य जाहीर केले. डेबियनच्या चाचणीच्या पायऱ्यांवर ते बियाणे पोहोचले होते. निळ्या टॅगाशी तुलना करावी अशा स्थिर आवृत्तीत अद्याप शिरले नव्हते.

आपल्या जिल्ह्यातील जे विद्यार्थी मराठीसाठी एखादे साधन लिहून सर्वांस खुले करू पाहत आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की पहिली आवृत्ती जाहीर करण्यापूर्वी भर घालणे कोणत्या तारखेस थांबेल, चाचणी कोण करील, गठ्ठा बांधण्याचा अधिकार कोणत्या दोघांकडे राहील आणि तो मूळ कोडशी कोण ताडून पाहील, हे त्यांनी एका कागदावर लिहून तो कागद कोडशेजारीच ठेवावा.